चहाचा त्याग आणि शिरःशूल

शिरूर-दौंडकडील घरांत कॉफी क्वचित्, चहा नित्याचा. परंतु दोहोंतील कॅफीन एकच. १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमधील चहावरून ग्रामण्य माजलें. पुढें टिळक व न्यायमूर्ति रानडे यांनींही प्रायश्चित्त घेतलें. आतां चहा घेण्याला प्रायश्चित्त नाहीं, सोडण्याला मात्र आहे!

चातुर्मासांत एकाएकीं चहा वर्ज्य करणाऱ्याचें डोकें बहुधा १२ ते २४ तासांत दुखूं लागतें, आणि दोष उपवासाला मिळतो. मेंदूंत झोपेची सूचना देणाऱ्या अॅडेनोसिनाला कॅफीन अडवून धरतें. तो अडसर निघतांच सुस्ती, चिडचिड व शिरःशूल उद्भवतात. एकदोन दिवसांत त्रास पराकाष्ठेस जातो व २ ते ९ दिवसांत शमतो.

म्हणून संकल्पापूर्वीं पंधरा दिवस प्याला थोडाथोडा उणा करीत जावा. व्रत आपलें, त्याचा ताप घरच्या माणसांनीं कां सोसावा?