कांचेच्या टाकींतील प्रवाळसृष्टि



पोवळें म्हटलें कीं आपल्यापैकीं बहुतेकांना मंगळाच्या शांतीसाठीं घातलेली अंगठी आठवते, नाहींतर वैद्यांचें प्रवाळभस्म. दोन्हीं ठिकाणीं पोवळें मृत असतें. तो एका प्राण्याचा केवळ सांगाडा. परंतु जिवंत प्रवाळ घरांत बाळगणारे हौशी लोकहि जगांत पुष्कळ आहेत. जर्मनी, अमेरिका इत्यादि देशांत दिवाणखान्यांतील कांचेच्या टाकींत खारें पाणी भरून प्रवाळांचा लहानसा खडक वाढविण्याचा छंद गेल्या कांहीं दशकांत चांगलाच रुजला आहे. अशी टाकी संभाळावी कशी, आणि वय, बदली किंवा खर्च यांमुळें ती लहान करण्याची वेळ आली तर काय करावें, याचा आज विचार करूं.

आरंभींच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं खडक बांधणाऱ्या सर्व प्रवाळांचा समावेश झाला. तेव्हां मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रांतून पोवळ्याचा तुकडा उचलून घरीं आणणें हा गुन्हा आहे. आजचें विवेचन जेथें हा छंद कायद्यानें मोकळा आहे तेथील घरांसाठीं आहे. मात्र त्यांतून समुद्राच्या नाजुक घडीची जी कल्पना येते, ती सर्वांनाच उपयोगी पडेल.

प्रवाळ ही वनस्पति नव्हे आणि दगडहि नव्हे. मृदु शरीराचे असंख्य लहान प्राणी एकमेकांना जोडून वसाहत करतात, तीच प्रवाळ. प्रत्येकाला एक तोंड व त्याभोंवतीं स्पर्शक असतात. खडक बांधणाऱ्या जातींच्या अंगांत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशावर साखर तयार करतें आणि तिचा मोठा वांटा यजमानाला देतें. मोबदल्यांत त्याला आसरा व खत मिळतें. या शिदोरीवर प्रवाळ पाण्यांतील कॅल्शियम घेऊन चुनखडीचें घर बांधतें. पाणी नेहमींपेक्षां एकदोन अंशांनीं अधिक ऊन झालें आणि कांहीं आठवडे तसेंच राहिलें, कीं ही भागीदारी मोडते; शैवाल बाहेर पडतें आणि प्रवाळ पांढरें पडून उपाशी मरूं लागतें. १९९८ सालीं लक्षद्वीपसह जगांतील अनेक प्रवाळखडकांची हीच दशा झाली.

असे प्राणी समुद्रापासून दूर जगविण्याचा प्रयत्न जुना आहे. १८४६ सालीं अॅना थिन या इंग्रज बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरील कांहीं प्रवाळें लंडनला आणलीं. पाण्यांत हवा मिसळावी म्हणून त्यांच्या घरांतील मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं तें पाणी या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतीत बसे. पुढें जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं जिवंत जंतूंनीं भरलेला सच्छिद्र खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यांवर चालणारी पद्धति १९६१ सालीं लिहून प्रसिद्ध केली. त्यानंतर बर्लिनमधील हौशी मंडळींनीं तिला फेंसाच्या साहाय्यानें घाण काढणाऱ्या यंत्राची जोड दिली. आजच्या टाकीचा पाया हाच आहे. माशांच्या मलापासून अमोनिया होतो. तो विषारी असतो. खडकावरील जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात, आणि खडकाच्या आंतील प्राणवायु नसलेल्या भागांत दुसरे जंतु नायट्रेटचें नायट्रोजन वायूंत रूपांतर करतात. म्हणून टाकींतील खडक ही शोभा नसून ती तिची पचनसंस्था आहे.

रोजच्या निगेचें सूत्र एका शब्दांत सांगावयाचें तर तें ‘स्थैर्य’ होय. उष्णतामान २५ ते २६ अंश सेल्सिअस, क्षारता हजारीं ३५ भाग, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, असें प्रमाण ठेवावें. आणि कार्बोनेटची मात्राहि मोजीत जावी, कारण सांगाडा बांधतांना दोन्हीं द्रव्यें बरोबरच खर्चीं पडतात. पाण्याची वाफ होते, पण मीठ मागें राहतें. म्हणून रोजची तूट शुद्ध गोड्या पाण्यानें भरावी, खाऱ्या पाण्यानें नव्हे. आठपंधरा दिवसांनीं सुमारें दहावा हिस्सा पाणी काढून तितकेंच ताजें खारें पाणी घालावें. वीज गेली तर पहिला धोका थंडीचा किंवा अंधाराचा नसून प्राणवायूच्या अभावाचा असतो, हें ओळखून विजेरीवर चालणारा हवेचा पंप घरांत असूं द्यावा.

आतां टाकी लहान करण्याकडे वळूं. टाकी लहान झाली म्हणजे काम कमी झालें, असा सर्वसाधारण समज आहे. तो फसवा आहे. समजा, ४०० लिटरच्या टाकींतून दिवसाला ४ लिटर पाणी उडालें, तर क्षारता ३५ वरून साडेपस्तीसपर्यंतहि जात नाहीं. परंतु ४० लिटरच्या टाकींतून एकच लिटर उडालें तर ती ३६ च्या घरांत जाते, आणि दोन दिवस विसर पडला तर त्याच्याहि पुढें. एखादा मासा खडकाआड मेला तर लहान टाकींत त्याचें विष दहापट दाट होतें. मोठें पाणी आपल्या चुका पोटांत घालतें. लहान पाणी घालीत नाहीं. खर्च, वजन आणि वीज यांत बचत होते हें खरें. पण नियमितपणा मात्र अधिक लागतो.

यासाठीं क्रम असा ठेवावा, कीं प्रथम जीव कमी करावे, टाकी सर्वांत शेवटीं. दिवसभर लांब येरझाऱ्या घालणाऱ्या टँगसारख्या माशांना लहान टाकी म्हणजे कोंडवाडाच. त्यांच्यासाठीं मोठी टाकी असलेला जाणता माणूस किंवा सार्वजनिक मत्स्यालय आधींच शोधावें. प्रवाळांची गोष्ट निराळी आहे. गुलाबाची फांदी तोडून लावावी त्याप्रमाणें बहुतेक प्रवाळांचा तुकडा कापून दगडावर चिकटविला तर तो वाढूं लागतो, आणि तो मूळ वसाहतीचाच अंश असतो. प्रवाळ लहान करतां येतें, मासा करतां येत नाहीं. म्हणून प्रत्येक जातीचा एकेक तुकडा ठेवावा आणि बाकीचे स्नेह्यांना वांटावे. पुढें आपला तुकडा दगावला तर त्यांच्याकडून परत मागतां येतो.

प्रत्यक्ष स्थलांतराच्या वेळीं जुन्या पाण्याचा मोठा भाग बरोबर घ्यावा आणि खडक क्षणभरहि कोरडा पडूं देऊं नये. जुनी वाळू मात्र घेऊं नये. तिच्यांत सांचलेली घाण ढवळली जाऊन विष पसरतें. नवी टाकी उथळ असल्यास दिवा प्रवाळांच्या अधिक जवळ येतो. त्याचा प्रकाश आरंभीं मंद ठेवून कांहीं आठवड्यांत वाढवावा. पहिला पंधरवडा अमोनियाची परीक्षा रोज करावी.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. झोअँथिड नांवाच्या शोभिवंत, बटणासारख्या दिसणाऱ्या कांहीं जातींत पॅलिटॉक्सिन हें अत्यंत उग्र विष असतें. त्या ज्यावर वाढल्या आहेत तो खडक स्वच्छ करण्यासाठीं उकळत्या पाण्यांत टाकल्यामुळें, वाफ श्वासावाटे जाऊन संपूर्ण कुटुंबें आजारी पडल्याचीं उदाहरणें आहेत. खडक कधींहि उकळूं नये. हाताळतांना हातमोजे व चष्मा घालावा.

नको झालेला जीव समुद्रांत सोडून ‘मुक्त’ करणें हा तर घोर अपराध होय. १९८४ सालीं मोनॅको येथील मत्स्यालयाखालच्या समुद्रांत कॉलर्पा नांवाच्या शैवालाचा लहानसा ठिपका दिसला. पुढें तें भूमध्य समुद्रांत हजारों एकरांवर पसरलें आणि तेथील मूळच्या वनस्पतींना त्यानें झांकून टाकलें.

शेवटीं एका बरणीची हकीकत सांगतों. १८२८ सालीं सर जॉन डॅलिएल यांनीं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणलें. हा प्राणी प्रवाळाच्याच कुळांतला. कांचेच्या साध्या बरणींत तें ठेवलें होतें आणि त्याचें समुद्राचें पाणी वरचेवर बदलीत असत. १८५१ सालीं डॅलिएल वारले. समुद्रपुष्प एकामागून एक दुसऱ्यांच्या स्वाधीन झालें. लोक त्याला ‘आजीबाई’ म्हणूं लागले. तें १८८७ पर्यंत जगलें. टाकी किती लहान असावी, याला ही बरणी उत्तर आहे: जितक्या पाण्याची निगा न चुकतां ठेवतां येईल तितकी, आणि तींत जीव तितकेच. आणि ज्यांच्या हातून आपल्या हातून चुकलेली निगा पुढें चालेल अशा माणसाचें नांव, नवा जीव घरीं आणण्यापूर्वींच ठरलेलें असावें.