जुन्या बॅटरीचा उतारा



उसाचे चिपाड बॉयलरला जाते, मळीपासून अल्कोहोल निघते, प्रेसमड परत रानात येते. कारखान्यात वाया काही जात नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. पण घरातली मोबाईलची, विजेच्या स्कूटरची जुनी बॅटरी कुठे जाते? गोठ्यातल्या कोनाड्यात, नाहीतर भंगारात.

ह्या बॅटऱ्यांत लिथियम, तांबे, अ‍ॅल्युमिनियम व ग्रॅफाइट असते. काहींत निकेल व कोबाल्टही. जगातला बहुतेक कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येतो, आणि लिथियमसाठी आपला देश परदेशावर अवलंबून आहे.

माल काढतात कसा? आधी उरलीसुरली वीज उतरवतात. मग हवा लागू न देता बंदिस्त यंत्रात तुकडे करतात. पत्रा, तांबे, प्लॅस्टिक वेगळे काढले की उरते काळी भुकटी. ती आम्लात विरघळवून एकेका धातूचे क्षार पाडतात. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट-निकेल नसल्याने तिचे मोल कमी. केंद्राच्या 2022 च्या नियमांनुसार वीजवाहनांच्या बॅटरीतून 2026-27 पासून कोरड्या वजनाच्या शेकडा 90 माल परत मिळाला पाहिजे. उसाला शेकडा 12 उतारा पडला तर आपण पेढे वाटतो!

हे काम जवळपास व्हावे, असे आम्हांस वाटते. वसई पूर्वेला वालीव, सातिवली ह्या भागात कारखान्यांच्या वसाहती आहेत. तेथून जवळच भोयदापाड्याला इको रिसायकलिंग कंपनीचा ई-कचऱ्याचा कारखाना आहे. मुंबई-ठाण्याचा माल तेथे थोड्या वाहतुकीत पोहोचतो. लांबच्या उसाला नुसते भाडे वाढते. फुगलेल्या बॅटरीला आगीचे भयही असते. शिवाय काळी भुकटीच परदेशी धाडली, तर आपला ऊस दुसऱ्याच्या गव्हाणीत टाकल्यासारखे होते. अशा धातूंच्या पुनर्प्रक्रियेसाठी केंद्राने सप्टेंबर 2025 मध्ये 1,500 कोटींची योजना मंजूर केली, ती म्हणूनच महत्त्वाची.

भयाची गोष्ट वरवरची नाही. 2022 च्या सप्टेंबरात वसईतच घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि सात वर्षांचे पोर दगावले. चार पैशांच्या तांब्यासाठी कोणी बॅटरी फोडतो, जाळतो, तेव्हा विषारी वायू सुटतो. तो फुप्फुस जाळतो.

तेव्हा एवढे करावे. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, टोचू नये, दाबू नये. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती पाचटापासून व मुलांपासून दूर, कोरड्या जागी ठेवावी. फवारणी पंपात काही वेळा शिशाची बॅटरी असते, ती लेबल पाहून वेगळी काढावी. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्यावी. ती गोळा करवून घेण्याची जबाबदारी नियमाने उत्पादकावर आहे, म्हणून दुकानदाराने नाही म्हटले तरी नेटाने विचारावे.

उसाचे एक टिपरूही आपण फडात सोडत नाही. तीच नजर कोनाड्याकडे वळवावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी