मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा दोन

मुंबईहून दुपारी दोन वाजता निघालेले विमान हिवाळ्यात लंडनला सायंकाळी साडेसहाच्या सुमारास उतरते. घड्याळाप्रमाणे प्रवास साडेचार तासांचा भासतो. प्रत्यक्षात तो सुमारे दहा तासांचा असतो. भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, हे त्याचे कारण होय. उन्हाळ्यात ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे केली जात असल्याने हा फरक साडेचार तासांवर येतो.

या दोन शहरांतील सर्वांत कमी अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ते सपाट नकाशावर पट्टी ठेवून मिळत नाही. शाळेतील पृथ्वीगोलावर मुंबई व लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरावा. हा दोरा मुंबईहून वायव्येस निघतो. पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र व युक्रेन यांवरून जातो आणि लंडनजवळ जवळजवळ सरळ पश्चिमेकडे वळलेला दिसतो. गोलावरील हाच जवळचा मार्ग होय.

ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर आठ तासांत कापता यावे. परंतु उड्डाण व अवतरण यांस वेळ लागतो आणि मार्गही दोऱ्याइतका सरळ राहत नाही. शिवाय या अक्षांशांत नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणूनच परतीच्या प्रवासास सुमारे नऊ तास पुरतात.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनकडे निघाले. आज विमाने न थांबता हे अंतर पार करतात. तथापि यंत्राची प्रगती झाली तरी आकाश सर्वत्र खुले असतेच असे नाही. २०१९ मध्ये पाकिस्तानचे हवाई क्षेत्र फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बंद राहिल्याने दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांस वळसा घ्यावा लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू होताच युक्रेनचे आकाश नागरी विमानांस बंद झाले. आपला दोरा नेमका याच दोन्ही देशांवरून जातो.

वळसा वाढला की इंधन अधिक लागते, मालासाठी वजनाची सवलत कमी होते आणि भाडे चढते. परदेशी शिकावयास जाणारा विद्यार्थी व हापूस पाठविणारा कोकणातील बागायतदार या दोघांनाही त्याची झळ पोचते. पृथ्वीगोलावरील दोरा विद्यार्थ्यांना भूमिती शिकवितोच. दोन शहरांमधील जवळीक वाटेतील देशांच्या शांततेवरही अवलंबून असते, हेही तो दाखवितो.