लघवीचा रंग विचारला कुणी?

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत दुपारी गेलं, की दारोदारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया दिसतात. 2006 साली इथं 10,000 विडी कामगारांना हक्काची घरं मिळाली. त्यातल्याच एका दारात तिघं विद्यार्थी बसले होते. मुलगा एमबीबीएसचा, एक मुलगी नर्सिंगची, दुसरी एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याची. घरातल्या बाईला क्षयरोग, आणि औषध मध्येच सोडलेलं. शिकवणाऱ्या मॅडमनी तिघांत मिळून एकच वही दिली होती.

मुलानं छाती तपासली, ताप, खोकला, वजन विचारलं. ‘गोळ्या का सोडल्या?’ बाईचे हात थांबले नाहीत. ‘तसंच.’ त्यानं वहीत लिहिलं: रुग्ण सहकार्य करत नाही.

नर्सिंगच्या मुलीनं गोळ्यांची पाकिटं मागून घेतली, मोजली. पहिल्या काही दिवसांतच खंड पडला होता. ‘गोळी घेतल्यावर काय व्हायचं?’ बाईनं मुलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिसरी मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातली, पद्मशाली घरातली. ती सरकून बाईजवळ बसली आणि तेलुगूत बोलू लागली. मग उलगडा झाला. लघवी लाल व्हायला लागली, रक्त जातंय असं वाटलं, गोळ्या बंद!

क्षयरोगाच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिननं लघवी केशरी-लालसर होते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. मुलाला हे पाठ होतं, पेपरात लिहून मार्कही मिळाले असतील. बाईला मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं. वहीतलं ते वाक्य नर्सिंगच्या मुलीनं सरळ खोडलं. मुलगा हसला, पण कान लाल झाले होते.

पुढचं काम मात्र तिघांचं होतं. गोळ्या परस्पर सुरू करायच्या नाहीत, आधी थुंकी तपासायची, हे त्यानं सांगितलं. रोजची गोळी कोणत्या वेळी घ्यायची, हे नर्सिंगच्या मुलीनं बाईकडूनच ठरवून घेतलं. विड्या कारखान्यात पोचवायची वेळ आणि दवाखान्याची वेळ एकच येते, आणि क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेचे महिना 1,000 रुपये खात्यात आलेले नाहीत, या दोन गोष्टी तिसरीनं टिपल्या.

वेगवेगळ्या पेशांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबरोबर शिकावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2010 मध्येच सांगून ठेवलंय. आपल्याकडे घोडं अडतं ते वेळापत्रकात. 2021-22च्या तुकडीपासून एमबीबीएसचे विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कुटुंबं दत्तक घेतातच. त्याच घरी नर्सिंग आणि समाजकार्याची मुलंही पाठवा. त्यासाठी ना नवी इमारत लागते ना वेगळा निधी. तिन्ही कॉलेजांच्या प्राचार्यांनी आठवड्यातली एक दुपार तेवढी ठरवावी.