६१७४ : देवळालीच्या मास्तरांची संख्या

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. आणखी एकदा: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. इथे गाडी अडते ती कायमची, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे परत ६१७४च!

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली हे शोधले. जास्तीत जास्त सात वजाबाक्या पुरतात.

एरवी ही संख्या तशी साधीच: सम, संयुक्त, मूळ अवयव २, ३ आणि ७. मात्र अंकांची बेरीज १८, आणि १८ने तिला नि:शेष भाग जातो. अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नाव दिले, तेही कापरेकरांनीच.