लेकीचा लॅपटॉप, एसटीचा प्रवास

मैत्रिणींनो, धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला प्रोग्रामिंग शिकायला येणाऱ्या लेकीसाठी लॅपटॉप घेताना आपण आधी किंमत नि मोठा पडदा बघतो. पण एसटीत तो तिलाच खांद्यावर वागवायचा असतो. वजन दीड किलोच्या आसपास बघू या. रॅम 16 जीबी बरी. 8 असेल तर पुढे वाढवता येते का, विचारू या. साठवणीला एसएसडीच घेऊ. तिच्यात फिरती चकती नसते, म्हणून ती धक्के सोसते. बॅटरी 50 वॉट-तासांची आणि खर्च 10 वॉट, तर पाच तास काम होतं. खान्देशात मे महिन्यात पारा 45 अंशांना भिडतो. उष्णतेने बॅटरी लवकर खंगते, म्हणून बॅग उन्हात नको. एवढा पैसा पुन्हा लवकर जमत नाही. तो दिसण्यावर नव्हे, लेकीच्या कामावर लावू या.