कडेवरचा भाऊ

शाळेत सकाळी हजेरी घेतात. गुरुजी एकेक नाव वाचतात. "हजर, गुरुजी," असं उत्तर येतं. एखाद्या नावाला उत्तर येत नाही. मग गुरुजी त्या नावापुढं गैरहजेरीची खूण करतात आणि पुढचं नाव वाचतात.

मी नाशिक जिल्ह्यात पस्तीस वर्षं अशी हजेरी घेतली. माझ्या वर्गात या खुणा मुलींच्या नावापुढंच जास्त पडत. हंगामाच्या दिवसांत तर फारच.

ही पोर शाळेत का येत नाही? कोणी म्हणेल, बापाला मुलीच्या शिक्षणाची किंमत नाही. असेही बाप असतात. नाही कसं म्हणू? पण सगळेच तसे नसतात. कितीतरी घरांत कारण अगदी साधं असतं. आई सकाळीच मजुरीला जाते. द्राक्षाची छाटणी असते, विरळणी असते, मग काढणी येते. कांद्याची लागण आली की दिवसभर वाकून काम. घरात वर्ष-दीड वर्षाचं मूल असतं. त्याला कोण सांभाळणार? सासू असली तर ती. नाहीतर आठ-दहा वर्षांची थोरली बहीण. मूल तिच्या कडेवर बसतं आणि दप्तर खुंटीला लागतं.

इथं एक विचारतो. थोरला मुलगा असला आणि धाकटी बहीण पाळण्यात असली, तर तो मुलगा शाळा सोडून पाळणा हलवत बसतो का? ज्यानं त्यानं आपल्या घरात बघावं.

आता माझी एक चूक सांगतो. १९८४ साल असावं. चौथीतली एक मुलगी आठ दिवसांनी शाळेत आली. कडेवर भाऊ होता. ती मागं कोपऱ्यात बसली. मी फळ्यावर भागाकार शिकवत होतो. मूल रडू लागलं. पोरं हसली. मी रागावलो. म्हणालो, "बाई, ही शाळा आहे. त्याला घरी ठेवून ये." घरी ठेवायला कोणी असतं, तर तिनं त्याला आणलं असतं का? एवढंही मला सुचलं नाही. ती उठून गेली. पुन्हा आली नाही. पुढच्या जूनमध्ये मी तिच्या नावावर रेघ मारली. तेव्हा मला वाटलं, आपण शिस्त राखली.

या प्रश्नाचं उत्तर त्याच्या कितीतरी आधी आपल्याच महाराष्ट्रात सापडलं होतं. मला ते ठाऊक नव्हतं.

अनुताई वाघ नावाच्या एक बाई होऊन गेल्या. त्यांचा जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि थोड्याच महिन्यांत नवरा वारला. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य घराच्या कोपऱ्यात संपायचं. पण अनुताई शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. सुरुवातीची काही वर्षं त्या आपल्या नाशिक जिल्ह्यात खेड्यात शिकवत होत्या. पुढं त्या ताराबाई मोडक यांच्याबरोबर काम करू लागल्या. ताराबाई वयानं मोठ्या, लहान मुलांच्या शिक्षणातल्या फार जाणत्या बाई.

१९४५ साली या दोघींनी बोर्डी या समुद्रकाठच्या गावी लहान मुलांसाठी बालवाडी चालू केली. गरीब वस्त्यांतली मुलं काही तिथं येईनात. ताराबाई मुलांवर रागावल्या नाहीत, आईबापांवरही नाही. त्यांनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. म्हणून तिला नाव पडलं अंगणवाडी. तुमच्या गावात आज अंगणवाडी आहे ना? ते नाव असं आलं. खेळायला विकतची खेळणी नव्हती. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांवरच मुलं मोजायला शिकली.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हे गाव डहाणू तालुक्यात आहे. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथं वारली लोकांची वस्ती. मुलं गुरं राखायची आणि मुली भावंडं राखायच्या. मग गुरं राखणाऱ्यांसाठी शिक्षकच कुरणात जाऊ लागले. गुरं चरायची आणि मुलं शिकायची. तिला कुरणशाळा म्हणत. आणि भावंडं राखणाऱ्यांसाठी काय केलं? पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. थोरली बहीण तान्ह्या भावाला घेऊन यायची. त्याला पाळणाघरात ठेवायची. मधल्याला बालवाडीत सोडायची. मग आपण वर्गात जाऊन बसायची. या सगळ्याला विकासवाडी असं नाव होतं.

मी तिला म्हटलं होतं, त्याला ठेवून ये. कोसबाडला म्हणाले, त्यालाही आण.

ही अडचण आपल्याच देशात आहे असं समजू नका. आफ्रिकेतल्या कितीतरी खेड्यांत मुलगी पाण्यासाठी लांब चालत जाते, धाकट्याला पाठीशी बांधते, आणि तिची शाळा बुडते. देश वेगळा, पण काम मुलीच्याच वाट्याला.

१९५१ च्या शिरगणतीत आपल्या देशात दर १०० बायकांत जेमतेम ९ जणींना वाचता येत होतं. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात हा आकडा ७६ पर्यंत आला. पुरुषांचा मात्र ८८ होता. मधलं हे अंतर कागदावर लहान दिसतं, पण बाईला ते मोठं पडतं. वडिलांच्या जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा आहे. आपल्या राज्यात १९९४ साली तसा कायदा झाला, २००५ साली साऱ्या देशात झाला. पण वाटणीच्या वेळी तिच्यापुढं हक्कसोडीचा कागद येतो. राजीखुशीनं सोडायचं तर तिनं सोडावं. वाचता येत नसलं, तर काय सोडलं हेही तिला कळत नाही. अंगठा मात्र उमटतो.

सरकारनं १९७५ सालापासून अंगणवाड्या चालू केल्या. त्याचा फार उपयोग झाला. पण त्यात एक फट राहिली आहे. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं बसतात आणि दुपारपर्यंत घरी येतात. शाळा संध्याकाळी सुटते. शिवाय तान्ह्या मुलाला तिथं दिवसभर कोण सांभाळणार? म्हणजे बहिणीची सुटका अर्धीच झाली. सुरगाणा-पेठकडची माणसं दिवाळीनंतर निफाड-दिंडोरीकडं कामाला उतरतात. त्यांच्या मुलींची तर अर्धीही होत नाही.

ती चौथीतली मुलगी आता पन्नाशीची आहे. मागच्या वर्षी ती आमच्या प्रौढवर्गात आली. मी तिला ओळखलं नाही. तिनं मला ओळखलं. नावावर रेघ मारल्याचं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "असू द्या गुरुजी. तो भाऊ आता चांगला कमावतो." आणि पाटी पुढं ओढून 'क' गिरवू लागली. मला पुढं बोलता आलं नाही.

तर करायचं काय? कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला शाळेत शिकण्याचा हक्क आहे. शाळेची व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पालक जास्त असतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. तिथं उभं राहून विचारा: हंगामात आमची तान्ही मुलं ठेवायला शाळेजवळ एक खोली मिळेल का? दोन वयस्क बाया ते काम करतील. त्यांचा रोज कोण देईल? थोडा ग्रामपंचायत देईल, थोडा बागवाला देईल. बागवाल्याला विचारायला लाजू नका. आई निवांत मनानं काम करते तेव्हा त्याचंही काम नीट होतं. आणि खोली मिळेपर्यंत हजेरी घेणाऱ्या गुरुजींना, बाईंना एवढं सांगा, की पोरगी भावाला घेऊन आली तर तिला बसू द्या.